बर्कली, ॲमहर्स्ट की टूसॉन: एका वर्षासाठी अमेरिकी विद्यापीठ निवडताना

माझी भाची इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका विद्यापीठात भूगोल शिकते. तिचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. तिसरं वर्ष परदेशी विद्यापीठात काढायचं, चौथ्या वर्षी परत येऊन प्रबंध लिहायचा आणि पदवी मूळ विद्यापीठाचीच घ्यायची, अशी त्याची रचना. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या विभागाने अमेरिकेतल्या भागीदार विद्यापीठांची यादी हातात दिली आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत पसंतीक्रम कळवायला सांगितलं. यादीतली बरीच नावं तिने स्वतःच खोडली. उरली तीन: कॅलिफोर्निया विद्यापीठ, आणि त्यातही बर्कली; मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा ॲमहर्स्ट कॅम्पस; आणि टूसॉनचं ॲरिझोना विद्यापीठ.

घरात तिन्ही नावांच्या बाजूने एकेक माणूस उभा राहिला. दाजींना बर्कली हवं होतं. ताईला ॲमहर्स्ट, कारण मी न्यू जर्सीत राहते आणि वेळ पडली तर गाडी काढून चारेक तासांत लेकीपाशी पोचू शकते. भाचीचं मन टूसॉनवर होतं, पण का, हे आईबाबांच्या गळी उतरेल असं तिला सांगता येत नव्हतं. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांना विषय निवडायला मदत करते, त्यामुळे ताईने तिला माझ्याकडे सोपवलं. निर्णय तिचाच राहील एवढं आधी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आणि मग आम्ही दोघी बसलो. काय तपासलं, कोणत्या क्रमाने तपासलं आणि कशाने पारडं झुकलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. मराठीत अमेरिकी विद्यापीठांविषयी जे सापडतं ते बहुतेक एमएस करायला येणाऱ्यांसाठी असतं, आणि एका वर्षासाठी येणाऱ्या मुलांना त्यातलं निम्मं लागू पडत नाही.

एमएसची गणितं

बातमी फुटल्यावर सांगलीहून, पुण्याहून आणि सॅन होजेहून फोन आले. सगळे आपुलकीचे. रँकिंग बघ, प्लेसमेंट कशी आहे बघ, ओपीटी (शिक्षणानंतर तिथे काही काळ काम करण्याची परवानगी) मिळेल का बघ. स्वतः एमएस करून स्थिरावलेल्या माणसाच्या दृष्टीने हे अगदी रास्त प्रश्न आहेत. तो एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर येतो, दोन वर्षं फी भरतो, त्या विद्यापीठाची पदवी नावापुढे लावतो, नंतर १२ महिने ओपीटीवर काम करतो आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतला असेल तर आणखी २४ महिने. त्याच्यासाठी विद्यापीठाचं नाव म्हणजे पुढच्या नोकरीचं दार असतं.

भाचीसारखी विद्यापीठांमधल्या देवाणघेवाणीवर (एक्स्चेंजवर) येणारी मुलगी त्यासाठीच्या जे-१ व्हिसावर येते. तिला यजमान विद्यापीठाची पदवी मिळत नाही, मिळते ती गुणपत्रिका. फीसुद्धा त्या विद्यापीठाला द्यायची नसते. इंग्लंडच्या नियमानुसार परदेशातल्या पूर्ण वर्षासाठी मूळ विद्यापीठ नेहमीच्या फीच्या १५ टक्क्यांपर्यंतच रक्कम घेऊ शकतं; २०२५-२६ साठी ९,५३५ पौंडांच्या जागी १,४३० पौंड. म्हणजे बर्कली असो, ॲमहर्स्ट असो की टूसॉन, शिकवणीचा खर्च तिन्हीकडे एकच.

दाजींचा मुद्दा इथूनच सुरू होत होता. फी सारखीच आहे तर सगळ्यात मोठ्या नावाचं विद्यापीठ का घेऊ नये? मुद्दा मला बिनतोड वाटला आणि तो तसाच बाजूला सारणं बरोबर झालं नसतं. शिवाय बर्कलीचं नाव पोकळ नाही. नद्या कशा वळतात, पात्र कसं घडतं, या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांतले लूना लिओपोल्ड अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातून १९७२ मध्ये बर्कलीलाच प्राध्यापक म्हणून आले. भाचीला नद्यांमध्येच रस. तेव्हा बर्कली यादीतून काढायचं तर कारण नीट असायला हवं होतं.

तिला नेमकं काय शिकायचं आहे

हा प्रश्न आम्ही सगळ्यात आधी घेतला आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. "भूगोल" हे उत्तर पुरेसं नव्हतं.

आमचं माहेर सांगलीचं. कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आबांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, घरात पाणी शिरलं तेव्हा भाची शाळकरी होती, आणि लीड्सजवळच्या घरात बसून व्हिडिओ कॉलवर तिने ते पाहिलं. आबा सांगत होते की असं पाणी त्यांच्या उभ्या हयातीत आलं नव्हतं. २००५ चा पूर मोठा होता, पण एवढा नाही. तिने तेव्हा विचारलं होतं, "पण त्याच्याआधी? आबांच्या आबांच्या वेळी?" त्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं, कारण मोजपट्ट्यांच्या नोंदी फार मागे जात नाहीत.

मोजणी सुरू होण्याआधी पाणी कुठवर चढलं होतं, हे शोधायचं एक शास्त्र आहे. मोठ्या पुरात नदीच्या घळीतल्या कोनाड्यांमध्ये, उपनद्यांच्या तोंडाशी पाणी संथ होतं आणि तिथे बारीक गाळाचा थर बसतो. थर जितका उंच तितकं पाणी उंच. थरातल्या कोळशाचं किंवा पालापाचोळ्याचं वय काढलं की हजारो वर्षांच्या पुरांची यादी हळूहळू तयार होते. या कामात ॲरिझोना विद्यापीठाच्या व्हिक्टर बेकर यांचं नाव आघाडीवर आहे. आणि मराठी वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते ती गोष्ट अशी की, १९९० च्या दशकात नर्मदेच्या जुन्या पुरांचा अभ्यास बेकर यांच्या गटाने पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले प्राध्यापक विश्वास काळे यांच्यासोबत केला. भाचीला हे दुसऱ्या वर्षाच्या एका व्याख्यानात तळटीपेसारखं कळलं होतं. टूसॉनवर मन का आहे, याचं खरं कारण ते होतं. आईबाबांना मात्र ती "तिथलं वाळवंट बघायचंय" एवढंच सांगत राहिली होती!

दुसरं कारण झाडांचं. अँड्रयू एलिकॉट डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा काढली. झाडाच्या बुंध्यातली वर्षावर्षाची कडी मोजून जुना पाऊस आणि दुष्काळ वाचणं हे शास्त्र तिथेच वाढलं. कित्येक दशकं ही प्रयोगशाळा फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षागॅलरीखाली चालायची. स्वतःची इमारत तिला २०१३ मध्ये मिळाली. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवर असंच काम झालं आहे.

पण म्हणून ॲमहर्स्ट मागे पडत होतं असंही नाही. गेल्या हजार वर्षांच्या तापमानाचा जो आलेख हॉकीच्या काठीच्या नावाने जगभर गाजला, त्याच्या १९९८ आणि १९९९ च्या निबंधांचे तीन लेखक होते: मायकेल मान आणि रेमंड ब्रॅडली हे तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या ॲमहर्स्टमध्ये, तर माल्कम ह्यूज ॲरिझोनाच्या वृक्षवलय प्रयोगशाळेत. म्हणजे तिच्या यादीतल्या दोन विद्यापीठांनी मिळून ते काम केलं होतं. शिवाय २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाने व्हरमाँट आणि पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या नद्यांना जो पूर आणला, त्याच्या गाळावर ॲमहर्स्टच्याच संशोधकांनी काम केलं आहे. विद्वत्तेच्या पट्टीवर तिघांत एकही हलकं नव्हतं. तेवढ्यावर निकाल लागणार नाही हे स्पष्ट झालं.

कॅटलॉग आणि वेळापत्रक

खरी छाननी इथून सुरू झाली. रोज ऑफिसात हेच करत असल्यामुळे माझं याबद्दलचं मत जरा आग्रही आहे.

मोठा प्राध्यापक विद्यापीठात आहे म्हणजे तो पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो असं नसतं. तो शिकवत असेल तर यंदा शिकवतो असं नसतं. आणि यंदा शिकवत असेल तरी बाहेरून आलेल्या विद्यार्थिनीला त्या वर्गात जागा मिळेलच असंही नसतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा कॅटलॉग हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखा असतो: छापलेलं सगळं आहे, पण आज काय शिजलंय ते आत विचारावं लागतं. त्यासाठी त्या त्या सत्राचं वर्गांचं वेळापत्रक पाहावं लागतं. अडचण अशी की पसंतीक्रम जानेवारीत द्यायचा आणि ऑगस्टच्या सत्राचं वेळापत्रक तोवर लागलेलं नसतं. म्हणून आम्ही तिन्ही विद्यापीठांची मागच्या वर्षांची वेळापत्रकं उघडली आणि तिला हवे असलेले विषय दरवर्षी लागतात की एक वर्षाआड, शरद सत्रात लागतात की वसंत सत्रात, याचा तक्ता केला. हे काम कंटाळवाणं आहे आणि कुणी करत नाही. माझ्या मते संपूर्ण निवडीत याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

मग विषयांचे क्रमांक. ॲरिझोनात १०० आणि २०० चे विषय सुरुवातीचे, ३०० आणि ४०० चे वरच्या वर्षांचे, ५०० पासून पुढे पदव्युत्तर. ॲमहर्स्टमध्येही ढोबळमानाने तसंच. कॅलिफोर्नियात मात्र १ ते ९९ हे खालचे आणि १०० ते १९९ हे वरच्या वर्षांचे. भाचीने बर्कलीचे १०० च्या घरातले विषय "अगदीच प्राथमिक" म्हणून आधी बाजूला काढले होते. प्रत्यक्षात तेच तिच्या पातळीचे होते. तिच्या विभागाची अट अशी होती की दर सत्राला किमान १२ क्रेडिट, त्यांतले निम्म्याहून अधिक वरच्या पातळीचे, आणि एक विषय माहिती-विश्लेषणाचा किंवा जीआयएसचा (संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळण्याचा), कारण त्याशिवाय चौथ्या वर्षाचा प्रबंध सुरू करता येत नाही. १२ क्रेडिटचा आकडा व्हिसाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा. पदवीच्या विद्यार्थ्याने त्याखाली गेलं तर तो पूर्णवेळ विद्यार्थी धरला जात नाही.

मग पूर्वअटी. वरच्या पातळीच्या विषयाला "आधी अमुक विषय झालेला हवा" अशी अट असते आणि नोंदणीची संगणक प्रणाली ती आपोआप लावते. इंग्लंडमधल्या मुलीच्या खात्यावर तो क्रमांक असणारच कसा? अशा वेळी विभागाला किंवा शिकवणाऱ्या प्राध्यापकाला पत्र लिहून, आपल्या झालेल्या विषयांचे अभ्यासक्रम जोडून, सवलत मागावी लागते. काही विषय फक्त त्या शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेले असतात आणि तिथे सवलत क्वचित मिळते. आम्ही पसंतीक्रम देण्याआधीच काही विभागांना लिहिलं. कुठून चार ओळींचं पण नेमकं उत्तर आलं, कुठून आलंच नाही. उत्तर देणारा विभाग पुढेही मदत करील असा माझा अनुभव आहे, म्हणून त्याचीही नोंद तक्त्यात केली. कोणी उत्तर दिलं आणि कोणी नाही, ते इथे लिहीत नाही; एका पत्रावरून कुणाला जोखणं बरं नव्हे.

गुणांबद्दलही बोलणं झालं. इंग्लंडमध्ये ६५ म्हणजे चांगले गुण. इथे ६५ म्हणजे डी. तिकडे वर्षाअखेरीचा एक मोठा निबंध आणि एक परीक्षा, इकडे दर आठवड्याला गृहपाठ, मधल्या परीक्षा, हजेरीचेही गुण. अवघड नसतं, पण सतत असतं. भाची निबंध शेवटच्या दोन रात्रींत लिहिणाऱ्यांतली आहे, आणि ते इथे चालणार नाही हे मी तिला आधीच बजावलं.

तक्ता पूर्ण झाल्यावर चित्र बदललं. कॅलिफोर्निया विद्यापीठाची देवाणघेवाण एकेका कॅम्पसशी नसून संपूर्ण व्यवस्थेशी होती. कॅम्पसचा पसंतीक्रम देता येतो, पण बर्कलीच पदरात पडेल याची हमी नाही. दुसरा कॅम्पस मिळाला तर मर्सेड सोडून बाकी बहुतेक ठिकाणी सत्रांऐवजी दहा-दहा आठवड्यांचे क्वार्टर असतात, वर्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन जूनच्या मध्यात संपतं. तिला मात्र उन्हाळ्यात प्रबंधाचं काम करायचं होतं. म्हणजे दाजी ज्या बर्कलीसाठी भांडत होते ती मुळात पर्याय म्हणून पक्की नव्हतीच. हे कळल्यावर दाजींनी स्वतःहून आग्रह सोडला.

ॲमहर्स्टचे विषय चांगले जुळत होते. तिथे आणखी एक मोठा फायदा होता: ॲमहर्स्ट (याच नावाचं वेगळं कॉलेज), स्मिथ, माउंट होल्योक आणि हॅम्पशर ही शेजारची चार कॉलेजं आणि विद्यापीठ मिळून पाच संस्थांचा गट आहे. एकीकडे नोंदणी असलेला विद्यार्थी दुसरीकडे विषय घेऊ शकतो आणि बस त्या सगळ्यांना जोडते. ॲरिझोनात मात्र तिला हव्या असलेल्या गोष्टी एकाच ठिकाणी, तिच्या पातळीवर आणि दरवर्षी शिकवल्या जात होत्या: नदीचं भूरूपशास्त्र (पात्र आणि काठ कसे घडतात ते), जलशास्त्र, आणि वृक्षवलयांची ओळख करून देणारा ४०० च्या पातळीचा विषय. हा शेवटचा विषय पदवीच्या मुलांना प्रत्यक्ष प्रयोगशाळेत बसून शिकायला मिळावा अशा जागा जगात फार नाहीत.

राहणं आणि पैसा

फी सारखी असली तरी खर्च सारखा नव्हता. खोलीचं भाडं, जेवण, विमा, विमानाची तिकिटं हे सगळं स्वतःचं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर भाडी सगळ्यात चढी, टूसॉनला त्या मानाने बरीच कमी, ॲमहर्स्ट मध्ये कुठेतरी. डीएस-२०१९ हा व्हिसासाठी लागणारा कागद मिळवताना वर्षभराच्या राहण्याजेवण्याचे पैसे खात्यात आहेत हे दाखवावं लागतं, म्हणून हा हिशेब आधीच मांडावा लागला. ब्रिटनच्या ट्युरिंग योजनेतून थोडी मदत मिळण्याची शक्यता होती. ती धरून हिशेब करायचा नाही असं ताईने ठरवलं आणि ते शहाणपणाचं होतं.

विम्याबाबत एकच सांगते. जे-१ वर येणाऱ्याकडे प्रत्येक आजारपणाला वा अपघाताला किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण देणारा विमा असणं कायद्याने बंधनकारक आहे. पण अमेरिकेतल्या इस्पितळाच्या बिलापुढे ही रक्कम मोठी नाही. इंग्लंडमध्ये मोफत उपचारांच्या सवयीत वाढलेल्या घराला हे पटायला वेळ लागतो. स्वस्तातला विमा बघू नका, एवढं मी ताईला निक्षून सांगितलं.

गाडीशिवाय जगता येईल का, हा प्रश्न मी लावून धरला. अमेरिकेतली बरीच कॅम्पस बाहेरून सुंदर आणि गाडीवाचून निरुपयोगी असतात. टूसॉन हे पसरलेलं शहर आहे, पण विद्यापीठ त्याच्या मध्याजवळ आहे आणि २०१४ पासून सन लिंक ही ट्राम कॅम्पसमधून शहराच्या जुन्या भागात जाते. कॅम्पसपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिलं तर भागतं. ऑगस्टमध्ये पारा ३८-४० वर असतो, तेव्हा "चालत" म्हणजे सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. ॲमहर्स्टला त्याउलट जानेवारी-फेब्रुवारीचा बर्फ. सांगलीचा उन्हाळा सोसलेल्या आजोळची मुलगी टूसॉनला टिकेल, असं आबांचं मत पडलं.

आणखी एक गोष्ट पालक विचारत नाहीत: डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का? पुष्कळ ठिकाणी काही इमारती बंद होतात आणि परदेशी मुलं ऐन नाताळात खोली शोधत फिरतात. भाचीची ती सोय माझ्या घरी होणारच होती. हे बोलताना ताईच्या लक्षात आलं की, मावशीचं घर जवळ असण्याची गरज वर्षभर नसून त्या चार आठवड्यांपुरती आहे, आणि तेवढ्यासाठी विमान आहे.

ताईचा दुसरा प्रश्न

ताईचा खरा आक्षेप मात्र अंतराचा नव्हता. तिने ॲरिझोना विद्यापीठाचं नाव शोधलं आणि तिला ती बातमी सापडली. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी तिथल्या जलशास्त्र आणि वातावरणशास्त्र विभागाचे प्रमुख थॉमस माइक्सनर यांची विभागाच्या इमारतीतच एका माजी विद्यार्थ्याने गोळ्या झाडून हत्या केली. २०२४ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. विद्यापीठाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतलेल्या चौकशीत, धोक्याच्या सूचना मिळूनही वेळेवर पुरेशी पावलं उचलली गेली नाहीत, असं पुढे आलं. भाची ज्या विभागाचे विषय घेणार होती, तोच हा विभाग.

ताईने मला फोनवर विचारलं, "तुझी मुलगी असती तर पाठवली असतीस का?" अशा प्रश्नाला आकडेवारीने उत्तर देणं मला जमलं नाही आणि तसं देऊही नये. मी तिला म्हटलं, "आपण तिन्ही ठिकाणची कागदपत्रं वाचू, मग सांगते."

अमेरिकेत १९९० पासून एक कायदा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लिहाय विद्यापीठात १९८६ मध्ये जीन क्लेरी ही विद्यार्थिनी तिच्या वसतिगृहाच्या खोलीत मारली गेली. तिच्या आईवडिलांनी लढून तो कायदा करवून घेतला आणि तो तिच्याच नावाने ओळखला जातो. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्यांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात मागच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे आणि विद्यापीठाने काय व्यवस्था केली आहे ते असतं. तो कुणालाही वाचता येतो. मुलगी पाठवणाऱ्या प्रत्येक घराने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

वाचताना दोन गोष्टींचं भान ठेवावं लागतं. हे आकडे कॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या जागांचे असतात, संपूर्ण शहराचे नव्हेत; भाड्याची खोली चार गल्ल्या पलीकडे असेल तर शहर पोलिसांची माहिती वेगळी पाहावी लागते. आणि लैंगिक अत्याचारांचा आकडा एका ठिकाणी जास्त दिसला तर तिथे तक्रार करणं सोपं असण्याचीही शक्यता असते. शून्य दिसणारा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

तिन्ही अहवाल आम्ही तिघींनी एकत्र वाचले. हत्येनंतर ॲरिझोनात धोक्याच्या तक्रारी हाताळायची पद्धत कशी बदलली, इमारतींच्या दारांना कुलपं कशी, फोनवर सूचना कशा येतात, हे भाचीने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला स्वतः लिहून विचारलं. उत्तर वाचून ताई म्हणाली, "भीती गेली नाही. पण ज्यांच्यावर ओढवलंय ते आता डोळे उघडे ठेवून असतील." मी तिला मग माझंही उत्तर दिलं: हो, पाठवली असती. अमेरिकेत मी मुलं वाढवली आहेत. बंदुकीची भीती इथल्या कुठल्याच विद्यापीठाच्या दाराबाहेर ठेवून येता येत नाही, ॲमहर्स्टच्याही नाही.

पसंतीक्रम आणि त्यापुढे

जानेवारीत भाचीने लिहून दिलं: पहिलं ॲरिझोना, दुसरं ॲमहर्स्ट, तिसरं कॅलिफोर्निया. फेब्रुवारीत तिच्या विद्यापीठाने ॲरिझोनासाठी तिचं नाव पुढे पाठवलं.

मग व्हिसाने घोर लावला. ती ब्रिटिश पासपोर्टवर असली तरी शिकायला येण्यासाठी जे-१ लागतोच. २२० डॉलर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे आणि १८५ डॉलर व्हिसा अर्जाचे भरून ती लंडनच्या दूतावासाची वेळ बघत होती, तोवर २०२५ च्या मेअखेरीस अमेरिकी परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं जगभर थांबवलं. १८ जूनला ते पुन्हा सुरू करायचं जाहीर झालं, पण अर्जदाराने समाजमाध्यमांवरची आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत या अटीवर. वीस वर्षांच्या मुलीला आपली खासगी खाती परक्या अधिकाऱ्यासमोर उघडी करायला लावणं मला खटकलं आणि अजूनही खटकतं. तिने ती उघडी केली. जुलैत व्हिसा मिळाला.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी इथे दोन गोष्टी जोडते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार जोड-अभ्यासक्रमात (ट्विनिंग) परदेशी विद्यापीठातून मिळवलेली क्रेडिट एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपर्यंत धरता येतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचा समोरच्याशी लेखी करार आहे का, हे आधी पाहावं. तोंडी "होईल सगळं" यावर तिकीट काढू नये. आणि जे-१ वर आलेल्या भारतीयांना परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची जी अट पुष्कळदा लागायची, ती विषयांच्या ज्या यादीमुळे लागायची तिच्यातून भारताचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये वगळलं गेलं. सरकारी पैशाने आलेल्यांना मात्र ती अजून लागू शकते.

ऑगस्टमध्ये नोंदणी उघडली तेव्हा तक्त्यातले सगळेच विषय मिळाले नाहीत. नदीच्या भूरूपशास्त्राला पूर्वअट आडवी आली. प्राध्यापकांनी तिचे इंग्लंडमधले अभ्यासक्रम पाहून दोन दिवसांत सवलत दिली. वृक्षवलयांचा विषय आणि जीआयएस यांच्या वेळा एकमेकांवर येत होत्या, म्हणून जीआयएस वसंत सत्रावर ढकललं. आम्ही राखीव म्हणून लिहून ठेवलेला मातीशास्त्राचा विषय तिथे कामी आला, नाहीतर ती १२ क्रेडिटच्या खाली गेली असती.

प्रबंधासाठी तिने सांताक्रूझ नदी घेतली. वर्षातला बराच काळ तिचं पात्र टूसॉन शहरात कोरडं दिसतं, पण १९८३ च्या ऑक्टोबरमधल्या पुराने काठ खाऊन शहराचं मोठं नुकसान केलं आणि त्यानंतर कितीतरी अंतरापर्यंत काठ सिमेंटमिश्रित मातीने बांधून काढले गेले. सत्र संपल्यावर जे-१ वर फक्त ३० दिवस राहता येतं. म्हणून मोजमापं मेनंतर घ्यायची नाहीत, मार्चच्या सुट्टीतच उरकायची, असं तिने तिच्या इंग्लंडमधल्या मार्गदर्शकांशी ठरवून घेतलं आहे.